नकाशाला प्रश्न विचारायला लावणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

माध्यम अभ्यासाच्या विद्यार्थिनीला नगररचनेच्या स्टुडिओत, म्हणजे आराखडे करत शिकण्याच्या वर्गात, बसू द्यायचं की नाही, हे तुमच्यावर होतं आणि तुम्ही लगेच हो म्हणालात. हे आभार उघडपणे मानतेय, कारण ते दार अजूनही बहुतेक ठिकाणी बंदच असतं. दोन्ही विभागांतली मुलं शहराचाच अभ्यास करतात, पण एकमेकांची पुस्तकं क्वचितच उघडतात.

बातमी किंवा जाहिरात समोर आली की कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय आणि काय गाळलंय, हे विचारायची आम्हाला सवय असते. विकास आराखड्यालाही हेच विचारायचं, हे मात्र तुमच्याकडे कळलं. शिकागोचा १९०९ चा आराखडा उघडून मी रस्त्यांची मापं पाहायला लागले, तर तुम्ही म्हणालात, आधी चित्रं बघ. चित्रकार ज्यूल्स गेरिनच्या त्या जलरंगांत शहर बरंचसं उंचावरून दिसतं. तिथून माणसं ठिपक्याएवढीही उरत नाहीत. मग तुम्ही वॉल्टर मूडीची गोष्ट सांगितलीत. आराखडा लोकांना पटवून देण्याचं काम त्याच्याकडे होतं. त्यानं १९११ साली चक्क शालेय पाठ्यपुस्तक लिहिलं आणि शिकागोतली आठवीची मुलं ते शिकली. रस्तेबांधणीच्या कर्जरोख्यांना मतदारांची मंजुरी लागायची, आणि ही मुलं उद्याची मतदार होती. प्रचाराचं इतकं दूरदृष्टीचं उदाहरण आमच्या अभ्यासक्रमात मला कधी भेटलं नव्हतं. ते नगररचनेच्या वर्गात भेटलं.

‘नकाशा नंतर, सूची आधी’ हे तुमचं वाक्य तर मी आजही जपते. सूची म्हणजे नकाशातल्या रंगांचा आणि खुणांचा अर्थ सांगणारी कोपऱ्यातली चौकट. १९३० च्या दशकात अमेरिकी सरकारच्या गृहकर्ज संस्थेनं शहरांचे नकाशे हिरव्या, निळ्या, पिवळ्या आणि लाल रंगांत रंगवले. लाल म्हणजे कर्जासाठी धोकादायक. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या जवळपास सरसकट लाल झाल्या. सोबतच्या माहितीपत्रकात घरांच्या अवस्थेबरोबर रहिवाशांचा वंशही नोंदलेला असे. चार रंगांच्या त्या साध्या सूचीत केवढा पूर्वग्रह शास्त्रीय वेषात बसला होता! रंग कुणी निवडले, वर्ग कुणी पाडले, हे न विचारता नकाशा वाचणं म्हणजे मथळ्यावरून बातमी खरी मानणं.

देवाणघेवाण एकतर्फी नव्हती, याचा मला फार आनंद आहे. नगररचनाकार केव्हिन लिंचनं बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिसच्या रहिवाशांना आपल्या शहराचा नकाशा आठवून काढायला सांगितलं आणि १९६० मध्ये त्यातून निघालेलं मांडलं. तुमच्या मुलांना तो वाटा, कडा, विभाग, चौक आणि खुणा या पाच घटकांपुरता पाठ होता. मला त्याचं काम म्हणजे माध्यमांत करतात तसा प्रेक्षकांचा अभ्यास वाटला, आणि तसं मी भर वर्गात म्हटलं तेव्हा तुम्ही पुढचा पूर्ण तास त्यालाच दिलात. शहर बांधणारा एक अर्थ ठेवतो, वापरणारा दुसराच काढतो, यावर केवढी चर्चा रंगली! शहरांवरच्या लेखनासाठी गाजलेल्या जेन जेकब्ज मुळात पत्रकार होत्या आणि सार्वजनिक जागांचे अभ्यासक विल्यम व्हाइट एका मासिकाचे संपादक, हे अनेकांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. व्हाइट यांनी न्यूयॉर्कच्या मोकळ्या चौकांत कॅमेरे लावून लोक कुठे बसतात ते टिपलं आणि १९७५ मध्ये तिथल्या नियमांत बसायच्या जागेची अट आली. चित्रीकरणातून नियम घडल्याचं याहून सरळ उदाहरण मला माहीत नाही.

माझं मत आता पक्कं आहे. नियोजनाच्या विद्यार्थ्याला परीक्षकांपुढे मांडणी करता येते, पण ज्याचं घर आराखड्यातल्या रेषेखाली जाणार त्याला समजेल असं पान लिहायला त्याला कुणी शिकवत नाही. आमची मुलं पडद्यावरच्या शहराबद्दल निबंध लिहितात, पण जमीनवापराचा नकाशा समोर आला की गोंधळतात. हा खर्च शेवटी रहिवासी भरतात. हरकत घ्यायची मुदत संपते आणि आराखड्यात काय होतं ते त्यांना नंतर कळतं.

आता मी शिकवते, आणि पहिल्याच आठवड्यात वर्गापुढे आराखडा ठेवते. आमच्या विभागातल्या दोन मुलींना येत्या सत्रात तुमच्या स्टुडिओत यायचंय. त्यांचा अर्ज सोबत पाठवतेय.

तुमची विद्यार्थिनी