बोटीत उरलेल्या पाण्याचे काय?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

तलावात उतरणाऱ्या प्रत्येक बोटीची परकीय जीवांसाठी तपासणी सक्तीची करावी का, या वादात दोन्ही बाजू बोटीकडे बाहेरूनच पाहत आहेत. एक बाजू म्हणते, बोटी पाण्यात सोडायच्या उतारावर तपासनीस उभा करा. दुसरी विचारते, बोट स्वच्छ दिसत असताना रांगेत का थांबायचे? दोघांच्याही मनात बोटीभोवती फेरी मारून तळाला चिकटलेले शिंपले शोधणारा माणूस आहे. धोका मात्र बऱ्याचदा बोटीच्या पोटातल्या पाण्यात असतो आणि तो कोणत्याच तपासनिसाला दिसत नाही. तपासणी सक्तीचीच हवी, असे आमचे स्पष्ट मत आहे. पण नियमात नुसते 'पाहणे' असेल, तर लोकांचा वेळ जाईल आणि तलावही वाचणार नाही.

झेब्रा शिंपला आणि त्याचा भाऊबंद क्वाग्गा हे दोघेही काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्राच्या भोवतालच्या पाण्यातले. जहाजांचा तोल राखण्यासाठी पाणी भरायच्या बॅलास्ट टाक्यांतून ते उत्तर अमेरिकेत पोचले. १९८८ मध्ये अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या लेक सेंट क्लेअरमध्ये झेब्रा शिंपला आढळला आणि काही वर्षांतच तो ग्रेट लेक्सभर, म्हणजे त्याच सीमेवरच्या पाच विशाल सरोवरांत, पसरला. एक मादी एका हंगामात दहा लाखांपर्यंत अंडी सोडू शकते. अंड्यातून निघालेली अळी सुरुवातीला ७० ते १०० मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी किंवा त्याहूनही लहान असते. ती काही आठवडे पाण्यात तरंगते आणि मग कुठेतरी टेकून धाग्यांनी घट्ट चिकटते. प्रौढ शिंपला साधारण बोटाच्या पेरापेक्षा मोठा नसतो, पण रोज सुमारे लिटरभर पाणी गाळतो. असे चौरस मीटरमागे हजारोंनी बसले की पाण्यातले सूक्ष्म वनस्पतिप्लवंग संपतात, त्यांवर जगणारे जीव आणि पुढे मासे उपाशी राहतात. पाणी नितळ होते आणि पाहणाऱ्याला वाटते तलाव सुधारला. त्याच वेळी पाणी उचलणाऱ्या नळांच्या आत शिंपल्यांचे थर चढत असतात.

आता बोटीकडे येऊ. तळाचे बूच काढले, पाणी निघाले, काम झाले असे बहुतेकांना वाटते. बूच काढल्याने फक्त बिल्जमधले, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीतले, पाणी जाते, तेही बोटीचे नाक वर असेल तरच. इंजिनाच्या ब्लॉकमध्ये, आतल्या नळ्यांत, मासे जिवंत ठेवायच्या टाकीच्या पंपात, नांगराच्या कप्प्यात पाणी राहते. आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून बसवलेले) इंजिन खाली सोडून उभे ठेवले तर त्यातले बरेचसे पाणी निथळते, पण लोक ते प्रवासासाठी वर उचलून बांधतात आणि पाणी आतच अडकते. सर्वांत वाईट बोटी म्हणजे मोठ्या लाटा उठवण्यासाठी वजनाच्या टाक्या भरणाऱ्या. त्यांत हजार लिटरहून जास्त पाणी मावू शकते. पंप हवा ओढू लागला की मालक समजतो टाकी रिकामी झाली. त्याही वेळी तळाशी पाणी उरते, आणि ते काढायला बहुतेक बोटींत सोयच नसते.

हे उरलेले पाणी किती दिवस धोक्याचे? अमेरिकेत नेव्हाडा-ॲरिझोना सीमेवरच्या लेक मीड या जलाशयावरच्या प्रयोगांत बोटीत उरलेल्या पाण्यात क्वाग्गाच्या अळ्या उन्हाळ्यात सुमारे ५ दिवस, तर शरद ऋतूतल्या थंडाव्यात २७ दिवसांपर्यंत जिवंत राहिल्या. प्रौढ शिंपला कडक उन्हात, कोरड्या हवेत तीन ते पाच दिवसांत मरतो. थंड आणि दमट जागी मात्र आठवडे काढतो. म्हणून 'पाच दिवस वाळवा' हा सरसकट सल्ला चुकीचा आहे. हवेचे तापमान आणि दमटपणा पाहून मुदत ठरवावी लागते, आणि ठरवता येत नसेल तिथे ३० दिवस धरावेत. ताडपत्री झाकून ठेवलेली बोट वाळत नाही, ती दमटच राहते. झाकण काढा, कप्पे उघडा, बुचे बाहेर ठेवा, दोर पसरून वाळवा.

बाहेरून पाहायचेच तर कुठे पाहायचे, हेही बहुतेक नियमांत नीट लिहिलेले नसते. लेक सेंट क्लेअरवरून निघणाऱ्या बोटींच्या अभ्यासात शिंपले मुख्यतः बोटीच्या तळावर नव्हे, तर ट्रेलरला गुंतलेल्या पाणवनस्पतींवर बसून प्रवास करताना आढळले. तेव्हा तपासणीची सुरुवात ट्रेलरपासून व्हावी. रूळ, बोट टेकायच्या फळ्यांवरचे कापड, आस, दिव्यांच्या मागची जागा, पोकळ चौकटीची टोके. त्यानंतर प्रोपेलरचा दांडा, इंजिनाच्या खालच्या भागातली पाणी ओढायची जाळी, तळातली छिद्रे, ट्रिम टॅबची (बोटीच्या मागच्या, तोल साधणाऱ्या पट्टीची) मागची बाजू, नांगर आणि त्याच्या साखळीची एकेक कडी. नुकतेच चिकटलेले पिल्लू डोळ्यांना दिसत नाही, पण गुळगुळीत पृष्ठभागावरून बोटे फिरवली की पॉलिश पेपरसारखी खरखर लागते. म्हणून तपासनिसाने हात लावलाच पाहिजे. वनस्पतींच्या बाबतीत तर एक तुकडाही पुरतो. युरेशियन मिलफॉइलचा काही सेंटीमीटरचा तुकडा नव्या तलावात मुळे धरतो. हायड्रिलाचेही तसेच, शिवाय त्याचे कंद गाळात वर्षानुवर्षे पडून राहतात.

संशयित बोटीवर उपाय एकच भरवशाचा, तो म्हणजे गरम पाणी. क्लोरीन, व्हिनेगर, मिठाचे पाणी असे घरगुती प्रयोग सुचवले जातात. त्यांची मात्रा आणि वेळ सांभाळणे अवघड, आणि ते पाणी पुन्हा तलावाकडेच वाहते. अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत रूढ झालेले प्रमाण असे: बोटीच्या बाहेरच्या प्रत्येक भागावर ६० अंश सेल्सिअसचे पाणी किमान १० सेकंद. टाक्या आणि आतल्या पंपांसाठी ४९ अंश, कारण त्याहून गरम पाण्याने पंपाचे प्लास्टिक आणि रबरी भाग खराब होतात. तापमान कमी म्हणून वेळ दोन मिनिटांहून थोडा अधिक. इंजिनासाठी पाणी ओढायच्या जागी रबरी कप लावून गरम पाणी खेळवायचे आणि बाहेर पडणारे पाणी ६० अंशांवर पोचले की तिथून पुढे दोन मिनिटांहून जास्त ठेवायचे.

इथेच गफलत होते. तापमान मोजले जाते यंत्राच्या टाकीत, तर पाणी नळीतून आणि फवाऱ्यातून जाताना बरेच निवते. नोझल बोटीपासून हातभर दूर धरले तर पृष्ठभागावर ६० अंश कधी पोचतच नाहीत. थर्मामीटर बोटीच्या पृष्ठभागावर आणि बाहेर पडणाऱ्या धारेत लावला पाहिजे. दुसरी चूक दाबाची. जोरदार फवाऱ्याने शिंपले निघून पडतात आणि काम झाल्यासारखे वाटते, पण निसटलेले शिंपले जिवंत असतात. आधी कमी दाबाने, सावकाश, गरम पाण्याने मारायचे. मेलेले खरवडण्यासाठी दाब नंतर. तिसरी चूक जागेची. धुण्याचे काम उताराला लागूनच केले तर सांडपाणी थेट तलावात जाते. ती जागा पाण्यापासून दूर आणि सांडपाणी अडवणारी हवी.

सक्तीऐवजी प्रबोधन पुरे आहे, असे मानणाऱ्यांनी ग्रेट लेक्समधल्या जहाजांचा इतिहास पाहावा. समुद्रातून येणाऱ्या जहाजांनी बॅलास्टचे पाणी खोल समुद्रात बदलावे, ही तिथे आधी विनंती होती. १९९३ मध्ये अमेरिकेने ते बंधनकारक केले. तरी नवे जीव सापडतच राहिले, कारण 'आमच्याकडे बॅलास्ट नाही' असे सांगणारी जहाजे नियमातून सुटत होती. त्यांच्या टाक्या कागदावर रिकाम्या होत्या, पण तळाशी गाळ आणि थोडे पाणी उरलेलेच होते. २००६ मध्ये कॅनडाने आणि २००८ मध्ये समुद्रातून ग्रेट लेक्सकडे नेणाऱ्या सेंट लॉरेन्स सीवे या जलमार्गाच्या अमेरिकी बाजूने अशाही टाक्या खाऱ्या पाण्याने धुणे सक्तीचे केले, त्यानंतर नव्या परकीय जीवांच्या नोंदी झपाट्याने घटल्या. लहान बोटीच्या बाबतीत आज आपण नेमके १९९३ च्या टप्प्यावर आहोत. 'रिकामी' टाकी नियमातून सुटते.

ट्रेलरवरच्या बोटी किती लांब उडी घेतात, हे जानेवारी २००७ मध्ये दिसले. ग्रेट लेक्सपासून दोन हजार किलोमीटरहून दूर, वाळवंटातल्या लेक मीडमध्ये क्वाग्गा सापडला. तिथल्या हूवर धरणाची यंत्रे थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या नळ्यांपर्यंत तो पोचला. त्यानंतर कॅलिफोर्निया-नेव्हाडा सीमेवरच्या लेक टाहोने २००८ पासून मोटारबोटींची तपासणी सुरू केली, आणि झेब्रा किंवा क्वाग्गा तिथे अजून वसलेले नाहीत. ही तपासणी रामबाण नाही, हेही सांगितले पाहिजे. २०२३ मध्ये टाहोत न्यूझीलंडची चिखलगोगलगाय सापडलीच. ती बूट, जाळी, हलक्या नावा अशा कशावरूनही येऊ शकते. ऑक्टोबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या स्टॉकटन बंदरात गोल्डन मसल, म्हणजे सोनेरी शिंपला, उत्तर अमेरिकेत पहिल्यांदा आढळला, तेव्हा टाहोने नियम आणखी कडक केले.

रांगेची तक्रार खरी आहे आणि तिच्यावर टाहोमध्येच तोडगा आहे. तलावातून बाहेर पडताना बोट आणि ट्रेलर यांना जोडणारी तार बांधून सील लावतात. पुढच्या वेळी सील शाबूत असेल तर बोट दुसऱ्या कोणत्याही पाण्यात उतरलेली नाही हे उघड आहे, म्हणून पुन्हा तपासणी नाही. नेहमी एकाच तलावात फिरणाऱ्यांना त्यामुळे थांबावे लागत नाही आणि तपासनिसांचा वेळ बाहेरून येणाऱ्या बोटींना मिळतो.

आमचा सर्वांत मोठा आग्रह मात्र दुसराच आहे. तपासणी आत येतानाच नव्हे, तर शिंपले असलेल्या तलावातून बाहेर पडताना व्हावी. आज सगळा भार स्वच्छ तलावांवर पडतो. एका बाधित तलावातून निघालेल्या बोटी शंभर दिशांना जातात. त्या शंभर ठिकाणी माणसे उभी करण्यापेक्षा बाधित तलावाच्या दोन-चार उतारांवर बूच काढून, इंजिन निथळवून, टाक्या गरम पाण्याने धुऊनच बोट सोडणे स्वस्त आणि परिणामकारक आहे. तिथून निघताना दिलेल्या पावतीवर तारीख, वेळ आणि टाक्यांची स्थिती असावी, म्हणजे पुढच्या तलावावरचा तपासनीस वाळवणीची मुदत मोजू शकेल. बाधित तलावाच्या काठच्या लोकांना हे जाचक वाटते, कारण त्यांचे नुकसान होऊन गेलेले असते. म्हणूनच हा खर्च त्यांच्या माथी न मारता सगळ्या बोटींच्या नोंदणी शुल्कातून व्हावा.

'बदकेही अळ्या नेतात, मग बोटवाल्यांनाच का धरता?' हा प्रश्न नेहमी येतो. बदकांच्या पायांना, पिसांना चिकटून अळ्या जाऊ शकतात, पण प्रयोगांत त्यांची संख्या अत्यल्प निघाली. वाळवंट ओलांडून लेक मीडला क्वाग्गा बदकांनी नेला नाही. त्यामानाने पाण्यातल्या कॅल्शियमचा मुद्दा वजनदार आहे. कवच बनवायला झेब्रा शिंपल्याला बऱ्यापैकी कॅल्शियम लागते, त्यामुळे फार मऊ पाण्याच्या तलावात तो तग धरत नाही. अशा तलावांवर तितकी कडक व्यवस्था नको, हे म्हणणे आम्हाला मान्य आहे, पण पाण्याची चाचणी करून. सोनेरी शिंपला कमी कॅल्शियममध्येही जगतो, हेही ध्यानात घ्यावे.

कयाक आणि वल्ह्यांच्या नावांना मोटारबोटींइतकी सक्ती नको. त्यांत साचणारे पाणी उलटे करून ओतता येते आणि स्पंजने पुसता येते. उतारावर एक पाण्याचा नळ, ब्रश आणि सूचनाफलक ठेवला तर बहुतेक लोक ते करतात. मोटारबोटीच्या मालकाला तसे करणे शक्यच नसते, फरक एवढाच आहे. आणखी एक: तपासणीची वेळ संपल्यावर उतार उघडा राहत असेल, तर दिवसभराची तपासणी वाया जाते. रात्री उताराला फाटक आणि कुलूप हवेच.

शिंपले आले तर नंतर औषध मारू, असे कोणी म्हणत असेल तर त्याने आधीची उदाहरणे तपासावीत. व्हर्जिनियातल्या मिलब्रुक या सुमारे १२ एकरांच्या जुन्या खाणीत २००६ मध्ये पोटॅशियम क्लोराइड सोडून झेब्रा शिंपले संपवले गेले. ते जमले, कारण खाण लहान होती आणि पाणी बंदिस्त होते. मिनेसोटातल्या ख्रिसमस लेकमध्ये २०१४ मध्ये शिंपले उताराजवळच्या कोपऱ्यात सापडले. पडदा लावून तेवढ्या भागावर उपचार केले, तरी पुढच्या वर्षी ते बाहेर आढळले. आयडाहोत ट्विन फॉल्सजवळ स्नेक नदीत २०२३ मध्ये क्वाग्गा सापडला, तांब्याचे औषध सोडले, त्या पट्ट्यातले मासे, त्यांत मोठाले स्टर्जनही, मेले. २०२४ मध्ये क्वाग्गा पुन्हा दिसला आणि औषधही पुन्हा सोडावे लागले.

नियम लिहिणाऱ्यांनी बोटींबरोबर मत्स्यालयाच्या दुकानांचाही विचार करावा. मार्च २०२१ मध्ये अमेरिकेत सजावटीच्या शेवाळाच्या गोळ्यांत जिवंत झेब्रा शिंपले सापडले आणि ते गोळे देशभरच्या दुकानांतून परत मागवावे लागले. असा गोळा फेकण्यापूर्वी किमान २४ तास गोठवायचा किंवा पूर्ण मिनिटभर उकळायचा, आणि टाकीतले पाणी गटारात किंवा ओढ्यात ओतायचे नाही, एवढी सूचना पाकिटावर छापणे विक्रेत्यांना बंधनकारक करता येईल.

आपले,
गोड्या पाण्यातील जीवांचे काही अभ्यासक