यावेळी शिकागो सावकाश बघायचं

प्रिय आई, बाबा,
सा. न.

काल कॉलवर आई तू म्हणालीस ना, आम्हाला आता काय बघायचंय, तुम्ही सगळे डोळ्यासमोर दिसलात म्हणजे झालं, ते वाक्य माझ्या डोक्यातून जातच नाहीये. मागच्या वेळी तुम्ही साडेचार महिने इथे होतात आणि शहरात आपण गेलो फक्त दोनदा. त्यातही तो जुलैमधला शनिवार आठवतो मला, एका दिवसात तीन ठिकाणं उरकायची म्हणून मी तुम्हाला उन्हातून पळवलं, शेवटी आईचे गुडघे सुजले आणि टॅक्सी येईपर्यंत ती फूटपाथच्या कठड्यावर बसून होती, तरी मलाच म्हणत होती की अगं होतं असं, तू वाईट वाटून घेऊ नकोस. बाकीचे दिवस आम्ही ऑफिसला आणि तुम्ही दोघं खिडकीपाशी, समोरच्या घराचं लॉन बघत. मला ते फार लागलंय. म्हणून यावेळी मी आत्तापासूनच सगळं ठरवतेय, एका दिवशी एकच जागा, मध्ये दोन दिवस आराम, आणि गाडी न काढता मेट्राने जायचं. ती लोकल डबलडेकर असते, बाबांना वरच्या मजल्यावरची खिडकी मिळेल, आणि थेट युनियन स्टेशनला उतरतो आपण. त्या स्टेशनचा जुना हॉल १९२५ चा आहे, उंच छत आणि लांबच लांब लाकडी बाकं, तिथेच आधी पंधरा मिनिटं बसून डब्यातली पोळीभाजी खाऊ.

बाबा, तुमच्यासाठी पहिली ठेवलीये ती बोट. दीड तास शिकागो नदीतून फिरवतात, सगळं बसून बघायचं आणि एक माणूस माईकवर दोन्ही काठांच्या बिल्डिंगची माहिती सांगतो. पण मला तुम्हाला बिल्डिंगपेक्षा ती नदीच दाखवायचीये, कारण ती उलटी वाहते! आधी ती लेक मिशिगनला मिळायची, गावाची सगळी घाण नदीत, नदी तळ्यात, आणि पिण्याचं पाणीही त्याच तळ्याचं, म्हणजे टायफॉइडला आमंत्रणच. मग ह्या लोकांनी १८९२ पासून साधारण ४५ किलोमीटरचा कालवा खणला, तळ्याच्या पातळीपेक्षा खोल, आणि जानेवारी १९०० मध्ये पाणी सोडलं तशी नदी तळ्याकडे जायची थांबली आणि मागे वळली, आता ते पाणी पार मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखाताला जातं.

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला कोयनानगर आठवलं. मी सहावीत असेन, तुम्ही मला धरणावर उभं करून सांगितलं होतं की हे पाणी खरं पूर्वेला कृष्णेला जाणार, पण आपण ते डोंगराच्या पोटातून बोगद्याने पोफळीला उतरवलं, वीज केली आणि वाशिष्ठीत सोडलं, म्हणजे बंगालच्या उपसागराचं पाणी अरबी समुद्राला दिलं. तुमचा आवाज तेव्हा कसा झाला होता ते मला अजून आठवतं. म्हणून मला त्या बोटीत तुमच्या शेजारी बसायचंय आणि तुम्ही मला लॉक कसं काम करतं ते समजावून सांगायचंय, म्हणजे तळं आणि नदी ह्यांच्या तोंडाशी जे दार आहे ते, मी दहा वेळा बघितलंय पण मला नीट कळलेलं नाही. आणि पाण्यावरून भांडण इथेही झालंच. घाण आमच्याकडे पाठवता म्हणून खालच्या मिसुरी राज्याने केस केली, सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, १९०६ मध्ये निकाल मिसुरीच्या विरोधात लागला. कृष्णा लवादाच्या बातम्या कापून फाईलला लावणारे तुम्ही, तुम्हाला ह्यात रस वाटणारच.

बोटीतूनच ती काळी उंच बिल्डिंग दिसेल, पूर्वीचा सिअर्स टॉवर, आता विलिस टॉवर म्हणतात. ११० मजले, ४४२ मीटर, १९७४ पासून चोवीस वर्षं जगात सगळ्यात उंच हीच होती. तिचं स्ट्रक्चर केलं फझलुर रहमान खान ह्यांनी, जन्म ढाक्याचा, १९५२ मध्ये शिकायला इलिनॉयला आले आणि मग इथलेच झाले. नऊ चौकोनी नळ्या एकत्र बांधल्यासारखं ते स्ट्रक्चर आहे, काही नळ्या मध्येच थांबतात आणि दोनच शेवटपर्यंत वर जातात, वारा झेलायची सगळी ताकद त्या जुडग्यात आहे. वर १०३ व्या मजल्यावर काचेच्या पेटीत उभं राहता येतं पण आईला चक्कर येते, शिवाय तिकीटही भरपूर, त्यामुळे ते आपण सोडून देऊ. खालून मान वर करून बघण्यातच मला जास्त आनंद होतो.

आता आई, तुझी जागा. आर्ट इन्स्टिट्यूट. लहानपणी तू मला जी गोष्ट सांगायचीस, विवेकानंद शिकागोला पोचले तेव्हा जवळचा पत्ता हरवला होता, थंडी, पोटात काही नाही, रात्र मालगाडीच्या डब्यात काढली आणि सकाळी एका बाईने त्यांना रस्त्यात बसलेलं बघून घरात बोलावलं, ती गोष्ट ह्याच शहरातली. ११ सप्टेंबर १८९३ ला ते जिथे बोलले ती बिल्डिंग म्हणजे हे म्युझियम. तेव्हा ती नवीकोरी होती, आधी सर्वधर्म परिषद झाली आणि मग चित्रं आली. तो हॉल आज तसा राहिलेला नाही, पण भिंती, दगडी कमानी त्याच, आणि समोरच्या रस्त्याच्या तुकड्याला स्वामीजींच्या नावाची पाटी आहे. २०१० मध्ये आपल्या मुंबईच्या जितीश कल्लाट ह्यांनी आतल्या मोठ्या जिन्याच्या पायऱ्यांवर ते अख्खं भाषण दिव्यांच्या अक्षरांनी लिहिलं होतं, म्हणजे लोक एकेक ओळ वाचत वर चढायचे. ते आता कायम नसतं पण जिना तर आहेच.

कन्याकुमारीला शिळेवर तू डोळे मिटून बसली होतीस, आम्हाला घाई होती म्हणून मी तुला उठवलं होतं. इथे तू हवं तेवढा वेळ बस. मी त्या दिवशी रजा टाकणार आहे, शक्यतो ११ सप्टेंबरलाच, म्युझियम उघडं असेल तर. आत व्हीलचेअर मिळते, तिला नाही म्हणू नकोस प्लीज, इथे तुझ्या वयाच्या कितीतरी बायका त्यात बसून आरामात चित्रं बघत असतात. आणि सगळं म्युझियम बघायचंच नाही. सरा नावाच्या फ्रेंच चित्रकाराचं एक भलंमोठं चित्र आहे, नदीकाठी सुट्टीच्या दिवशी बसलेली माणसं, सगळं बारीक बारीक ठिपक्यांनी रंगवलेलं, १८८४ ला सुरू करून दोन वर्षं तो ते करत होता. तू रांगोळीचे ठिपके काढतेस तशी तिथे जवळ जा आणि मग मागे ये, जवळून नुसते रंग आणि लांबून माणसं, मला खात्री आहे तू तिथून हलणार नाहीस.

बाहेर आलं की चालत पाच मिनिटांवर मिलेनियम पार्क, तिथे तो चकचकीत स्टीलचा मोठा घेवड्याचा दाणा आहे, फोटोत बघितलाय तुम्ही, तो बनवणारे अनिश कपूर मुंबईत जन्मलेले. त्यात अख्खं शहर वाकडं होऊन दिसतं आणि आपण तिघं त्यात कुठे आहोत ते शोधायला मजा येते, तुमची नात तर तिथून निघतच नाही. पैसे पडत नाहीत. बाबा डॉलरला रुपयाने गुणणार हे माहीत आहे मला, म्हणून सांगून ठेवते की लिंकन पार्कचं प्राणिसंग्रहालय फुकट आहे, १८६८ पासूनचं, आणि कल्चरल सेंटरही फुकट आहे, ती १८९७ ची जुनी लायब्ररी, वर रंगीत काचेचा एवढा मोठा घुमट की खाली खुर्ची टाकून नुसतं वर बघत बसावं. पाऊस असेल त्या दिवशी तिथे जाऊ.

आणि तळं. आई, मागच्या वेळी तू गाडीतूनच बघितलंस आणि समुद्र म्हणालीस. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, वाळू आहे, पण पाणी गोडं. यावेळी चप्पल काढून पाय बुडवायचे, संध्याकाळी पाच नंतर, ऊन उतरल्यावर. तिथे बाकं आहेत, टॉयलेट जवळ आहे, मी मागच्या रविवारी मुद्दाम जाऊन सगळं बघून आले, पार्किंगपासून बाकापर्यंत किती पावलं पडतात तेही मोजलं. एकशे चाळीस झाली. तेवढं चालशील ना?

डेव्हन ॲव्हेन्यूला आपण दर पंधरा दिवसांनी जाऊच, साबुदाणा, गवार, मेथी, सगळं मिळतं, त्यामुळे बॅगेत भाजणी आणि मेतकूट सोडून बाकी काही कोंबू नका. त्यापेक्षा औषधांची चिठ्ठी आणि तीन महिन्यांच्या गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवा.

एक काम मात्र आजच करा. दोघांच्या पायाचे माप कागदावर पेन्सिलने गिरवून फोटो पाठवा, मी चालायचे बूट इथे आणून ठेवते. आई, उभं राहून गिरव, बसून नको, बसलं की माप कमी येतं.

तुमची,
ताई