संधी भंगारात पडल्यात, कुणी उचलणार का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला ‘मटेरियल मेकॅनिक्समधल्या संशोधनाच्या संधी’ हा लेख, म्हणजे वस्तू भाराखाली कशा वाकतात-तुटतात त्या शास्त्राबद्दलचा, दोनदा वाचला. आयआयटी मुंबई झाली, बंगळूरची आयआयएससी झाली, जर्मनी-अमेरिकाही झाली. जेआरएफला, म्हणजे संशोधन करणाऱ्या पोरांच्या सरकारी फेलोशिपला, महिना ३७ हजार मिळतात ही चौकटही दिसली, अर्थात भिंग घेतल्यावर, कारण तुमचा टाइप हल्ली मुंग्यांसाठी असतो. अख्ख्या पानात आपल्या कारखान्यांच्या वसाहती कुठंच नाहीत: शिरोली नाही, गोकुळ शिरगाव नाही, उद्यमनगर नाही. आणि पेपर निघतो कोल्हापुरातून! लेखक विद्वान आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण पोरांना गाव सोडायची वाट दाखवण्याआधी गावात काय तुटतं-फुटतं, हे एकदा बघायला काय हरकत होती?

मी ३१ वर्षं फौंड्रीत काढली, शेवटची १२ क्वालिटीला. एकदा ट्रॅक्टरचा एक ब्रॅकेट गिऱ्हाईकाकडून परत आला. एसजी आयर्नचा, म्हणजे मॅग्नेशियम टाकून चिवट केलेल्या ओतीव लोखंडाचा, मधोमध तुटलेला. गिऱ्हाईक म्हणालं माल खराब, आमचे मोल्डिंगचे मिस्त्री म्हणाले वाळू ओली होती, मालक म्हणाले काय ते एकदा शोधून काढा. मी तुकडा धुऊन उन्हात धरला. कडेला ज्वारीच्या दाण्याएवढा ब्लो होल, म्हणजे ओतताना वायू अडकून राहिलेली पोकळी. तिथनं निम्म्यापर्यंत भाग घासून गुळगुळीत झालेला आणि त्यावर पुसट रेघा, पंचगंगेचं पाणी उतरताना घाटाच्या पायऱ्यांवर राहतात तशा. पुढं एकदम खरबरीत, फोडलेल्या गुळाच्या ढेपेसारखं. म्हणजे ब्रॅकेट एका दणक्यात तुटला नव्हता. चीर रोज थोडी थोडी सरकत होती आणि शेवटी उरलेलं लोखंड एका दिवशी गेलं. एवढं मला कळलं. किती फेऱ्यांत सरकली, केवढा ब्लो होल चालला असता, हे मोजायला शिकलेला माणूस हवा होता.

म्हणून तुकडा तुमच्याच पेपरात गुंडाळून, स्कूटरच्या डिकीत टाकून जवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात गेलो. नाव लिहीत नाही, तिथं माझे नातेवाईक शिकलेत. प्राध्यापक सज्जन, चहा पाजला. लॅबमध्ये यूटीएमवर, म्हणजे नमुना ओढून-दाबून ताकद मोजायच्या मशीनवर, निळं कापड आणि कापडावर सुकलेली झेंडूची माळ. खंडेनवमीची असावी. महिना जानेवारीचा होता! कंपनीच्या लेटरहेडवर अर्ज द्या, प्राचार्यांची सही आणा, फी ठरायची आहे, मशीनचं कॅलिब्रेशन संपलंय, असं सगळं ऐकून झालं. मग एका एम.टेक.च्या मुलानं कौतुकानं लॅपटॉप उघडला. स्क्रीनवर तसलाच एक ब्रॅकेट, कुठं किती ताण येतो ते रंगांत दाखवणारा, लाल-पिवळा-निळा, होळीसारखा. मटेरियलच्या रकान्यात सॉफ्टवेअरनं आपणहून भरलेलं ‘स्ट्रक्चरल स्टील’ तसंच ठेवलेलं. मी म्हटलं, बाळा, हे ओतकाम आहे, स्टील नव्हे. मॅग्नेशियम टाकल्यावर ग्राफाइट गोळ्यांसारखा बसतो, नाही बसला तर पाकळ्यांसारखा राहतो आणि प्रत्येक पाकळी म्हणजे आतली एक चीरच. हे आमच्या भट्टीवरच्या पोराला ठाऊक असतं. आणि तुझ्या चित्रात ब्लो होल कुठाय? तो म्हणाला, ‘सर, तो असायलाच नको ना.’

आता काय बोलणार!

निघताना प्राध्यापक हळूच म्हणाले, यात नावीन्य नाही हो, शोधनिबंध छापून येत नाही, हल्ली नॅनोकंपोझिट लागतं. आता एआय लागत असेल. पण फटीगचा, म्हणजे पुन्हापुन्हा भार पडून वस्तू हळूहळू चिरत तुटण्याचा, अभ्यास ज्यानं पायावर उभा केला तो व्होलर जर्मन रेल्वेतला माणूस, आगगाडीचे आस का तुटतात म्हणून वर्षानुवर्षं फिरवून बघत बसला. ग्रिफिथनं १९२१ साली काचेतल्या चिरांवर लिहिलं, तेव्हा तो ब्रिटनच्या विमानांच्या सरकारी संशोधन केंद्रात होता. दोघांच्याही पुढ्यात तुटलेल्या वस्तू होत्या. आमच्या एमआयडीसीत त्या टनावारी आहेत आणि त्या परत भट्टीत जातात. वितळवली की पुरावा गेला.

तुकडा शेवटी ट्रॅव्हल्सच्या पार्सलनं पुण्याला पाठवला. तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला, दोन ओळींचा: फटीग, सुरुवात ब्लो होलपासून. तोवर गिऱ्हाईकानं ऑर्डर दुसरीकडं दिली होती.

तो ब्रॅकेट पुण्याहून परत मागवून घेतला, अजून माझ्या कपाटात आहे, पीएच.डी.चा विषय शोधणाऱ्या कुणालाही फुकट देईन, लेटरहेड लागणार नाही. बाकीचे बघायला शिरोलीत यावं लागेल. येताना सांगली फाट्यावर किती वेळ अडकाल ते सांगता येत नाही. त्या कोंडीवरचं माझं मार्चमधलं पत्र आपण छापलं नाहीत, ते का, हेही जमल्यास कळवावं.

आपला,
एक निवृत्त फौंड्रीवाला
उद्यमनगर, कोल्हापूर