तीन फुटांच्या टॉयलेटसाठी पण काहीतरी छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतलं घरसजावटीचं पान मी नेहमी वाचते, मागचा बाथरूमवरचा लेख पण वाचला, फोटो छानच आहेत, पण एक विचारते, एवढी मोठी बाथरूम नाशकात आहे कोणाकडे? मधोमध टब काय, खिडकीत कुंड्या काय, दोन-दोन बेसिन काय. आमच्या इंदिरानगरला, सिडकोत, नाशिकरोडला नव्वदच्या दशकातल्या बिल्डिंग बघा, संडास वेगळा, बाथरूम वेगळं आणि बेसिन बाहेर पॅसेजमध्ये. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये संडासाची कमीत कमी रुंदी ०.९ मीटर म्हणजे जवळपास ३ फूट आणि जागा १.१ चौरस मीटर सांगितलीय, आणि कमीत कमी म्हटलं की बिल्डर त्याच्या वर कशाला जाईल. आमचा हॉलला लागून असलेला ३ बाय साडेपाच आहे. आलेला पाहुणा पहिला तिथेच जाणार. त्यात २०२७ ला सिंहस्थ, त्या वर्षी कोण कोण "सहज" मुक्कामाला येतं ते नाशिककरांना मी काय सांगू. त्यामुळे आमच्या गल्लीत सध्या हेच काम चाललंय, इंडियन काढून कमोड, बाहेरचं बेसिन आत, आणि बेसिनखाली कपाट.

आमचं काम झालंय. माझं म्हणणं एवढंच आहे की असल्या जागेत रेडिमेड युनिटच्या नादी लागू नका, सुताराकडून मापाने करून घ्या, आणि प्लाय कुठला घातला ते बिलावर लिहून घ्या.

दुकानात बहुतेक युनिट २४ इंच रुंद आणि १८ इंच खोल. आता ३ फुटांतले १८ इंच कपाटाने खाल्ले तर माणसाला उरले किती? तेवढेच. माझ्या सासूबाईंचा वॉकर त्यातून जातच नाही, आणि दार आत उघडणारं असेल तर ते कपाटाला धडकणार ते वेगळंच. (दार बाहेर उघडणारं करून घ्या, आत कोणी पडलं तर उघडता तरी येतं.)

आमच्या सुतारकाकांनी काय केलं, तर आधी कोपऱ्यात गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून दाखवला, एका टोकाला बोट जाईल एवढी फट. म्हणजे भिंत गुण्यातच नाही! असल्या कोपऱ्यात दुकानातलं चौकोनी खोकं बसवलं की मागे फट राहणार, तिथे पाणी आणि झुरळं. मग काकांनी मिक्सरच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, बेसिनच्या उंचीवर भिंतीला चिकटपट्टीने लावला आणि सासूबाईंना म्हणाले, आजी, आता कमोडवर बसा आणि उठा. गुडघा पुठ्ठ्याला लागला तिथे पेन्सिलची खूण, परत कापला, परत बसा-उठा. सासूबाई वैतागल्या पण शेवटी जे माप निघालं ते कुठल्याच कॅटलॉगात नाही, बेसिनपाशी ११ इंच खोल आणि कमोडच्या बाजूला निमुळतं होत ७ इंच, पुढचा कोपरा गोल.

वरचा दगड पण सांगते. ग्रॅनाइटवाल्याकडे ओट्यात सिंकसाठी भोक पाडलं की मधला तुकडा उरतो, तसले तुकडे पडूनच असतात, छोट्या बेसिनला तेवढा पुरतो. स्वस्तात मिळतो, मागून घ्या.

आता प्लाय. इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. माझ्या जावेने एका दुकानातून रेडिमेड युनिट आणलं, दुकानदार म्हणे शंभर टक्के वॉटरप्रूफ, आणि एका पावसाळ्यात तळाच्या फळीला खारीसारखे पापुद्रे सुटले. वरून रंग, आत एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी. ती सांगायला गेली तर म्हणे मॅडम पाणी सांडू द्यायचं नव्हतं. अहो, टॉयलेट आहे ते, जेट स्प्रे आहे तिथे, पाणी नाही सांडणार तर काय सांडणार? बिलावर काय लिहिलं होतं तर "व्हॅनिटी १ नग" (व्हॅनिटी म्हणजे हेच बेसिनखालचं कपाट). भांडणार कशाच्या जोरावर?

तर प्लायवर आयएसआयचा शिक्का आणि त्याच्या वरचा आयएस नंबर बघायचा. आयएस ३०३ म्हणजे सर्वसाधारण वापराचा प्लाय, आयएस ७१० म्हणजे मरीन. मरीन प्लायच्या टेस्टमध्ये तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात आणि तरी त्याचे थर सुटायला नकोत. तो महाग असतो, पण एवढ्याशा कपाटाला ८ बाय ४ चं एक शीट सुद्धा पूर्ण लागत नाही, मग तिथे वाचवून वाचवणार किती. आणि नुसता मरीन घालून भागत नाही, सुतार बाहेरून सनमायका लावतात आणि आतून तसंच कच्चं सोडतात, कापलेल्या कडा तर सर्रास उघड्या. पाणी आधी कडेतूनच शिरतं. आतून पण लॅमिनेट, सगळ्या कडांना पट्टी, दगडाच्या खाली सिलिकॉन, हे काम सुरू व्हायच्या आधीच बोलून घ्या, नंतर म्हटलं की एक्स्ट्रा पडेल असं ऐकावं लागतं.

डब्ल्यूपीसीचं (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेली फळी) पण आता खूप जण सांगतात, पाण्याने कुजत नाही हे खरं, पण स्क्रूची पकड प्लायइतकी नसते, बिजागऱ्या ढिल्या पडतात. आणि ज्यांना यातलं काहीच नको त्यांनी जुनी पद्धत करावी, कडप्प्याच्या दोन उभ्या पट्ट्या, मध्ये एक आडवी, पुढे फक्त दार. कडप्पा काही फुगत नाही. आमच्या माहेरी भद्रकालीत मोरीतली कडप्प्याची फळी घर पडेपर्यंत जशीच्या तशी होती.

कपाट जमिनीपासून १० इंच तरी वर घ्या, फरशी पुसता येते आणि तळ कोरडा राहतो. पण ४ इंची भिंतीवर नुसत्या स्क्रूच्या भरवशावर टांगू नका, खाली लोखंडी ब्रॅकेट हवेत. मागची फळी बॉटल ट्रॅप (बेसिनखालचा सांडपाण्याचा जोड) आणि अँगल कॉकपाशी (भिंतीतून पाणी येतं तो छोटा कॉक) उघडी ठेवा, बोअरचं पाणी असलेल्या सोसायट्यांत क्षाराने कॉक धरतो, तो बदलायला हात गेला पाहिजे ना. फ्लश टँकवर शेल्फ करणार असाल तर टँकचं झाकण उचलता येईल एवढी जागा सोडा, आमच्या वरच्या मजल्यावर परवा त्यासाठी नवं कोरं शेल्फ उखडावं लागलं.

आणि माप टाइल्स बसल्यावरच घ्यायचं. जुन्या टाइल्सवर नव्या बसवल्या तर अॅडहेसिव्ह धरून एकेका भिंतीला जवळपास अर्धा इंच जातो, दोन्हीकडून मिळून इंच गेला. कमोडचं पण तेच, खालच्या पाइपच्या मध्यापासून तयार भिंतीपर्यंत ९ इंच आहे का १२ ते बघूनच कमोड आणा. वॉटरप्रूफिंगबद्दल वेगळं लिहीत नाही, फरशीच्या आधी २४ तास पाणी भरून ठेवा आणि खालच्यांना त्यांचं छत बघायला सांगा, म्हणजे सोसायटीच्या मीटिंगमध्ये तोंड लपवायला लागत नाही.

या सगळ्याला रेडिमेडच्या दीडपट पैसे गेले आमचे, खोटं कशाला सांगू. पण वॉकर आत जातो.

तर संपादक साहेब, विनंती अशी की पुढच्या एखाद्या पुरवणीत आर्किटेक्टच्या ऐवजी एखाद्या अनुभवी सुताराला बोलतं करा आणि ३ बाय साडेपाचच्या टॉयलेटचा एक साधा नकाशा छापा. फोटो नसला तरी चालेल, पण मापं इंच-सुतात द्या, म्हणजे कात्रण तसंच सुताराच्या हातात ठेवता येईल.

कळावे,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक