कडीचे तोंड

पुणे, ११ जानेवारी

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि मोबाइलवर पाठवलेली डुलांची छायाचित्रे मिळाली. नोकरी सांभाळून, रात्री जेवणानंतर तास-दीड तास बसून तू बारा जोड पूर्ण केलेस, हे मी तुझ्या बाबांना दोनदा वाचून दाखवले. छायाचित्रे मोठी करून मी एकेक जोड नीट पाहिला. रंगांची जाण तुला आहे. विटकरी मण्यांशेजारी राखाडी मणी ठेवणे मला सुचले नसते. पण बारापैकी तीन जोडांत कडीचे, म्हणजे मणी हुकाला जोडणाऱ्या तारेच्या छोट्या वळ्याचे, तोंड उघडे दिसले, आणि म्हणून हे पत्र लांबणार आहे.

कडी शेकड्याने मिळते, म्हणून नवशिका माणूस तिच्याकडे लक्ष देत नाही. मणी कितीही देखणा असला तरी त्याला कानाशी धरून ठेवणारी तीच असते. ती उघडताना दोन्ही टोके एकमेकांपासून दूर ओढू नकोस; तसे केले की तिचा गोलपणा जातो आणि ती पुन्हा कधीच पूर्ण मिटत नाही. दोन चपट्या पकडींनी दोन बाजू धरायच्या, एक टोक स्वतःकडे आणि दुसरे पलीकडे फिरवायचे, आणि मिटवताना त्याच वाटेने परत आणून अगदी किंचित पुढे नेऊन मागे घ्यायचे, म्हणजे तारेचा स्वतःचा ताण दोन्ही टोकांना एकमेकांशी भिडवून ठेवतो. मग एक रेशमी दोरा त्या सांध्यावरून ओढून पाहा. दोरा अडकला तर कडी मिटलेली नाही. तू वापरलेल्या कड्या मला बारीकही वाटल्या. लोंबत्या डुलाला २० गेजची, म्हणजे साधारण ०.८ ते ०.९ मिलिमीटर जाडीची तार असावी. २४ गेजची, अर्धा मिलिमीटरच्या आसपासची तार मण्याभोवती वेढे घेण्यास चांगली, पण वजन पेलण्यास नाही. जोडातला एक डूल बसमध्ये गळून पडला की उरलेला एक वर्षानुवर्षे डब्यात पडून राहतो, आणि घेणाऱ्या बाईला दर वेळी डबा उघडताना ते काम कोणाचे होते हे आठवते.

कडीनंतरची जागा हुकाची. येथे मी स्वतः केलेली चूक तुला सांगते, कारण ती तुझ्या हातून होऊ नये असे मला मनापासून वाटते. तू बालवाडीत असताना मी हे काम सुरू केले, तेव्हा चार पैसे वाचावेत म्हणून एका विक्रेत्याकडून वजनावर मिळणारे, चकचकीत पण कोणत्या धातूचे आहेत हे त्यालाही न सांगता आलेले हूक मी घेतले. आपल्या इमारतीतील एका मुलीने ते डूल चार दिवस घातले आणि तिच्या कानाच्या पाळ्या सुजून त्यांतून पाणी येऊ लागले. डॉक्टरांनी निकेलची अ‍ॅलर्जी असल्याचे सांगितले. स्वस्त मिश्रधातूंत आणि मुलाम्याखालच्या थरात निकेल असते, घामाने ते थोडे थोडे सुटते, टोचलेल्या कानातून त्वचेत जाते, आणि शरीराने एकदा त्याच्याशी वैर धरले की ते सहसा आयुष्यभर टिकते. त्या मुलीला पुढे साध्या धातूचे काहीही घालता येईना. मी विकलेले सारे जोड घरोघरी जाऊन परत आणले आणि प्रत्येकाचे हूक बदलले, पण तिच्या कानांचे नुकसान मला भरून देता आले नाही.

तेव्हापासून माझा नियम आहे की मणी स्वस्त घ्यावा, पण कानात जाणारा भाग कधीही स्वस्त घेऊ नये. सर्जिकल स्टीलचे हूक वापर. त्यातही निकेल असते, पण ते धातूत घट्ट बांधलेले असल्याने फारच थोडे सुटते. ज्यांना आधीच त्रास आहे त्यांच्यासाठी टायटॅनियमचे हूक मिळतात. ९२.५ टक्के शुद्धतेच्या चांदीचे हूकही बहुतेकांना चालतात. ‘जर्मन सिल्व्हर’ या नावाला मात्र भुलू नकोस. त्यात चांदी अजिबात नसते, तांबे, निकेल आणि जस्त एवढेच असते. त्याची पेंडंटे कपड्यावरून घालण्यास ठीक आहेत, पण त्याचा हूक नको. विकताना कोणी विचारले तर हूक कशाचा आहे हे स्पष्ट सांग, आणि कोणी विचारले नाही तरी कार्डावर लिही.

ऑफिसातील काही जण ‘हे बायकांचे काम’ म्हणतात, असे तू लिहिले आहेस, आणि त्या ओळीत तुझा हात थोडा थबकलेला मला जाणवला. लहानपणी मी तुला सोन्या मारुती चौकाकडे पटवेकऱ्यांकडे नेत असे, ते आठवते का? आजीची मोत्यांची माळ गाठवून घेण्यासाठी आपण तासभर तिथे बसलो होतो. ते गृहस्थ मांडी घालून, पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून, प्रत्येक मोत्यानंतर एक गाठ देत होते, आणि तू विचारलेस की इतक्या गाठी कशाला. त्यांनी सांगितले की गाठ असली म्हणजे मोती मोत्यावर घासत नाही, आणि माळ तुटली तरी एखादाच मोती निसटतो, बाकीचे जागेवर राहतात. आपल्याकडे ओवण्याचे आणि गाठवण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या करणारे हात बहुतांशी पुरुषांचेच होते, तांबट आळीत तांबे ठोकणारेही पुरुष, आणि सराफ कट्ट्यावर नथीचे मोती तारेत बांधणारेही. तुझ्या सहकाऱ्यांना हे ठाऊक नसेल. तुला ठाऊक आहे, तेव्हा तू जेवणाच्या सुट्टीत पकड घेऊन बसण्यास लाजू नकोस.

मणी कोठून आणतेस, असे तू विचारले आहेस. अजूनही रविवार पेठेतूनच, बोहरी आळीच्या अंगाने आत शिरून. तुळशीबागेत तयार दागिने पाहून यावेत, हल्ली काय चालते ते कळते, पण सुटे सामान रविवार पेठेत घ्यावे. मण्यांचे नंबर उलटे चालतात हे लक्षात ठेव: अकरा नंबरचा मणी सुमारे २ मिलिमीटरचा आणि आठ नंबरचा सुमारे ३ मिलिमीटरचा, म्हणजे नंबर वाढला की मणी लहान. तुझ्या छायाचित्रांतील नक्षी मधेच वाकडी गेली आहे, ती एकाच पुडीतील मणी कमी-जास्त आकाराचे असल्यामुळे. पुडी आणली की प्रथम स्टीलच्या ताटात पांढरे कापड पसरून मणी निवडून घे, भाताच्या तांदळातून खडे वेचावेत तसे. जाड मणी टाकून देऊ नकोस, कडेच्या ओळीसाठी वेगळे ठेव. काचेचा मणी हातात घेतल्याबरोबर गार लागतो आणि प्लॅस्टिकचा लागत नाही, एवढी खूण पुरे. रंगाची परीक्षा मात्र घरी करावी लागते. चार मणी ओल्या पांढऱ्या कापडात गुंडाळून रात्रभर ठेव. सकाळी कापडाला रंग लागला असेल तर ते मणी उन्हाळ्यात घामाने कोणाच्या तरी मानेवर उतरणार, हे निश्चित समज.

तारेचे आणि मण्यांचे काम जमले की खणाच्या कापडाचे डूल करून पाहा, असे मला सुचवावेसे वाटते, कारण त्याला भांडवल जवळजवळ लागत नाही. शिंप्याकडे ब्लाउज बेतल्यावर उरलेली कातरणे मिळतात. खण मूळ कर्नाटकातील गुळेदगुड्डचा. त्याच्या विणीत बारीक नक्षी सर्वत्र सारख्या अंतराने येते, आणि हीच गोष्ट डूल करताना महत्त्वाची ठरते. पुठ्ठ्याचा गोल कापून त्यावर कापड कसेही चिकटवले तर एका कानात अर्धे फूल आणि दुसऱ्या कानात पाऊण फूल येते. म्हणून आधी जाड कागदात डुलाच्या मापाचे भोक पाडून ते भोक कापडावरून सरकवत न्यायचे, नक्षी बरोबर मध्ये आली की खडूने खूण करायची, आणि दुसरा डूल त्याच नक्षीच्या पुढच्या आवृत्तीवर बेतायचा. कापड मापापेक्षा बोटभर मोठे कापून, कडेला बारीक चिरा देऊन मागे दुमडायचे. कच्ची कड कधीही बाहेर ठेवायची नाही, कारण खणाचे धागे महिन्याभरात निघू लागतात. फेव्हिकॉल पातळ थरात लाव, जाड लावलास तर तो कापडातून वर येऊन डाग पडतो. मागच्या बाजूला दुसरा, थोडा लहान गोल लावून रात्रभर जाड पुस्तकाखाली दाबून ठेव. हे डूल पाण्यात चालत नाहीत, तेही घेणाऱ्याला सांगावे. उरलेल्या पट्ट्यांतून केसांचे रबर आणि लहान बटवे होतात. त्याविषयी पुढे कधी लिहीन.

रेझिनचे, म्हणजे साच्यात ओतून घट्ट होऊ द्यायच्या द्रवाचे, काम तुझ्या त्या एका खोलीत करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते घट्ट होईपर्यंत त्याची वाफ श्वासात जाते, हाताला लागले तर त्वचा बिघडते, आणि तुझ्या खोलीला एकच खिडकी आहे. मातीचे मणी करावयाचे असतील तर सुट्टीत इकडे ये. ते घरच्या ओव्हनमध्ये पक्के भाजले जात नाहीत, पण केशवनगरला कुंभारांच्या भट्ट्या आहेत, तेथे विचारू.

आता किमतीविषयी. तू एक जोड साठ रुपयांना द्यावा म्हणतोस. मी तुझाच हिशेब मांडून पाहिला. मणी आणि कड्या १४ रुपये, चांगला हूक १० रुपये, कार्ड आणि पिशवी ७ रुपये, असे ३१ रुपये सामानाचे झाले. एका जोडाला तुला ४० मिनिटे लागतात. तुझ्या तासाचे ९० रुपये धरले तर ६० रुपये कष्टाचे, एकूण ९१. साठ रुपयांत विकलेस तर निम्म्याहून अधिक कष्ट तू फुकट दिलेस, आणि त्याहून वाईट म्हणजे तुझ्यासारखेच काम करून घर चालवणाऱ्या एखाद्या बाईच्या जोडाची किंमत तू पाडलीस. तुला पगार आहे, तिला नाही. एखाद्या दुकानात ठेवण्यास दिलेस तर दुकानदार एक तृतीयांश ठेवून घेईल, म्हणजे १४० रुपये लावल्याशिवाय तुझे ९१ सुटत नाहीत. आणि जी किंमत दुकानात तीच घरी ठेवावी, नाहीतर दुकानदाराशी तो अन्याय होतो. तुळशीबागेत पन्नास रुपयांना जोड मिळतो, असे कोणी म्हणाले तर वाद घालू नकोस. तो साच्यातून निघालेला असतो आणि तुटल्यावर तो परत घेऊन जाण्यास जागा नसते. तू कार्डावर लिही की ओवण तुटल्यास विनामूल्य ओवून देईन, आणि तसे खरोखर दे. माझ्याकडे अजूनही पंधरा वर्षांपूर्वीच्या माळा ओवून घेण्यासाठी येणाऱ्या बायका आहेत.

सध्या आमच्याकडे संक्रांतीची गडबड आहे. शेजारच्या नातीचे बोरन्हाण आहे, आणि तिच्यासाठी हलव्याचे दागिने मी करते आहे. चार दिवसांपासून परातीत खसखस घेऊन मंद आचेवर साखरेचा पाक थोडा थोडा सोडून हाताने हलवते आहे. काल संध्याकाळी दाण्यांना काटे आले. तुला आठवत असेल, याच दिवसांत हे करता येते, कारण हवा कोरडी असली म्हणजेच काटा धरतो. मुकुट, हार, बाजूबंद आणि बांगड्या करणार आहे. तार, टाचणी किंवा कडी यांपैकी काहीही त्यात नसेल; सारे सुती दोऱ्याने बांधलेले, आणि प्रत्येक दाण्यानंतर गाठ, म्हणजे बाळाने ओढले तरी दाणा सुटून तोंडात जाणार नाही. तासाभरात उतरवले जाणारे दागिने आहेत, तरी मी गाठी दोनदा ओढून पाहते.

मंगळवारी तुला पार्सल पाठवत आहे. त्यात माझी जुनी गोल तोंडाची पकड आहे, तिचा दांडा बाबांनी नव्याने गुंडाळून दिला आहे. सर्जिकल स्टीलच्या हुकांचे पन्नास जोड, २० गेजच्या तारेचे एक वेटोळे, खणाची मूठभर कातरणे आणि रेशमी दोऱ्याची एक गुंडी आहे. तिळगुळाचा डबा वेगळ्या पिशवीत ठेवला आहे, मण्यांना पाक लागू देऊ नकोस. पोहोचले की आधी त्या तीन जोडांच्या कड्या बदल, मग त्यांची छायाचित्रे मला पाठव. सांध्याजवळून काढ, लांबून नको.

प्रकृतीस जप. रात्री दिव्याखाली बसून काम करताना डोळे चुरचुरू लागले की लगेच थांबत जा.

तुझी,
आई