आधी वाटा मान्य, मग सही: वकीलमावशींना पत्र

प्रिय वकीलमावशी,

सप्रेम नमस्कार.

दादाने फीचं पाकीट पुढे केलं तेव्हा तुम्ही ते मागे सारलंत आणि म्हणालात, "कागदांचा खर्च तेवढा द्या. बाकीचं तुमच्या आईने केव्हाच दिलंय." त्यानंतर आभाराचा शब्द काढायची कुणाची हिंमत झाली नाही, म्हणून लिहिते आहे. चारचौघांत लिहिते आहे, कारण बाबा गेल्यावर आमच्या मुलुंडच्या घरात जे सुरू झालं, ते या शहरात घरोघरी सुरू आहे. घर साडेचारशे फुटांचं, किंमत कोटीच्या पुढे आणि वारस तीन. अशा घरात तुमच्यासारखं माणूस वेळेवर पोचलं तर काय होऊ शकतं, ते लोकांना कळावं.

वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. आई आधीच गेली होती. बाबांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. "माझी मुलं भांडणारी नाहीत," असं ते अभिमानाने सांगायचे. सोसायटीत नॉमिनी म्हणून धाकट्याचं नाव, कारण तोच त्यांच्याजवळ राहायचा. शेअरच्या डीमॅट खात्यावर नॉमिनी दादा, कारण ते खातं त्यानेच उघडून दिलं होतं. मी मधली, लग्न होऊन ठाण्याला. वर्षश्राद्धाच्या आतच दादाच्या वकिलाची नोटीस रजिस्टर पोस्टाने धाकट्याच्या हातात पडली. "आमचे अशील" म्हणून सख्ख्या भावाचं नाव वाचताना त्याचा चेहरा कसा झाला, ते मी शेजारी उभी राहून पाहिलं आहे. त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलत ते माझ्यामार्फत, आणि दोघांचं माझ्याकडे मागणं एकच: तू तुझा वाटा सोडून माझ्या नावाने हक्कसोड करून दे.

मला समजावायला येणारे सगळे प्रेमानेच यायचे. "माहेर तुटेल गं." "भाऊबीज हवी की वाटा?" "तुझं काय कमी आहे, जावई कमावता आहे." एकानेही मला विचारलं नाही की तुला काय वाटतं. तुम्ही विचारलंत. आईची तुमची मैत्री लोकलच्या महिला डब्यातली, मुलुंड ते व्हीटी, पंचवीसएक वर्षांची. त्या ओळखीवर मी फोन केला, तेव्हा तुमचं पहिलं वाक्य होतं, "सही केलीस का? नाही ना? मग आता काही करू नकोस." दुसरं वाक्य, "मी एकट्याएकट्याशी बोलणार नाही. तिघं एका वेळी समोर बसा."

आणि बसलो. आधी नॉमिनीचा विषय निघाला. धाकटा म्हणाला, नॉमिनी मी, म्हणून घर माझं. तुम्ही त्याला खोटं पाडलं नाहीत. शांतपणे विचारलंत, "मग डीमॅटमधले शेअर सगळे दादाचे, बरोबर?" तो गप्प झाला. दादा हसायला लागला, तेव्हा त्याच्याकडे वळून तुम्ही म्हणालात, "आणि शेअर तुझे असतील, तर घर याचं. निवडा." मग समजावून सांगितलंत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी २०१९ साली जे नवं प्रकरण आलं, त्यात स्पष्ट लिहिलंय की सभासद गेल्यावर नॉमिनीला तात्पुरता सदस्य करायचं, वारस ठरून त्यांची नावं लागेपर्यंत. शेअरच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये तेच सांगितलं: नॉमिनी मालक होत नाही, मालकी वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने ठरते. दोघांच्याही हातातलं हत्यार तुम्ही एकाच वेळी खाली ठेवायला लावलंत. महिनोन्महिने जे ओरडून सुटलं नव्हतं, ते त्या संध्याकाळी चहा निवायच्या आत सुटलं.

मग माझी पाळी. काकांनी आधीच निकाल देऊन टाकला होता, "हिचं लग्न ब्याण्णव सालचं. चौऱ्याण्णवच्या आधी लग्न झालेल्या मुलींना हक्क नाही." हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की मलाही खरं वाटायला लागलं होतं. तुम्ही दोन मिळकती वेगळ्या काढल्यात. मुलुंडचं घर बाबांच्या स्वतःच्या कमाईचं. अशा घरात, मृत्युपत्र नसेल तर, मुलीला मुलाइतकाच वाटा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच आहे. लग्न कधी झालं याचा संबंधच नाही. (आमचं कुटुंब हिंदू म्हणून हा कायदा, इतरांचे नियम वेगळे, हेही तुम्ही बजावलं होतंत.) फक्त राहत्या घराची वाटणी मुलीने होऊन मागायची नाही, भावांनी वाटणी काढली तरच, असं एक कलम होतं, तेविसावं, आणि तेही २००५ मध्ये काढून टाकलं. राजापूरचं गावचं घर आणि कलमांची बाग मात्र वडिलोपार्जित. तिथे काकांचं म्हणणं एके काळी बरोबर होतं: महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना जन्मतः हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. केंद्राच्या ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने ती अट गेली, आणि ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने उरलेली शंकाही मिटवली. काका म्हणाले, "हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही." तुम्ही म्हणालात, "म्हणून आज सांगते आहे."

त्यानंतर तुम्ही जे केलंत त्यासाठी मी तुमची आयुष्यभर ऋणी आहे. तुम्ही दोघा भावांना सांगितलंत, "हिचा एक तृतीयांश आहे, हे तुम्ही आपापल्या तोंडाने म्हणा. सोडायचा की घ्यायचा, किती सोडायचा, ते ती नंतर ठरवेल." आधी दादा म्हणाला. धाकट्याला वेळ लागला, पण म्हणाला. मावशी, मला घराचा कोपरा नको होता. पण जे माझं आहे ते माझं नाहीच असं धरून माझ्याकडून सही मागितली जात होती, आणि ते मला आतून खात होतं. दोघांनी ते मान्य केल्यावर मी मोकळ्या मनाने बोलू शकले. ज्यांना आपल्या बहिणीची सही हवी आहे त्या प्रत्येक भावाने निदान एवढं करावं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

आणि मग तुम्ही स्वयंपाकघराकडे बघून हाक मारलीत. धाकट्याची बायको ओट्याशी उभी होती, हातात गाळणं. ती बाहेर आली, पण भिंतीला टेकून उभी राहिली. तुम्ही स्वतः उठून तिला खुर्ची दिलीत. बाबांना अर्धांगवायू झाला तेव्हापासून शेवटपर्यंत त्यांना उठवणं, कूस बदलणं, पाठीला जखम होऊ नये म्हणून पावडर लावणं, रात्री दोनला चादर बदलणं, सगळं तिने केलं. नोकरी सोडून केलं. तुम्ही आम्हाला म्हणालात, "सासऱ्याच्या मिळकतीत कायदा हिला काही देत नाही. नवरा हयात असलेली सून वारस नाही. कायद्याचं झालं. आता तुम्ही तिघं काय देणार, ते सांगा." कुणीच बोललं नाही. मग दादा रडला. नोटीस पाठवणारा आमचा दादा. म्हणाला, "बाबांना आंघोळ कशी घालतात हेसुद्धा मला माहीत नाही." ती एवढंच म्हणाली, "मला हिशोब नको होता, भावोजी. नोटीस नको होती." घरात इतकी वर्षं राबलेल्या बाईला वाटणीच्या बैठकीत खुर्ची मिळत नाही, हे किती घरांत होत असेल!

पुढचं त्या मानाने लवकर झालं. दावा लावला तर काय होईल ते तुम्ही लपवलं नाहीत. वन बीएचके तीन भागांत तोडता येत नाही. १८९३ च्या विभाजन कायद्याप्रमाणे अशी मिळकत विकून पैसे वाटायला कोर्ट सांगू शकतं. म्हणजे वर्षानुवर्षं तारखा करून शेवटी घरही जायचं. त्यापेक्षा सरकारमान्य मूल्यांकनकाराकडून किंमत काढा, म्हणालात. रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारी दराच्या, आकड्यावर भांडू नका, बाजाराचा आकडा घ्या. घर धाकट्याकडे राहिलं. शेअर आणि मुदतठेवी दादाकडे, उरलेला फरक धाकट्याने गृहकर्ज काढून दिला. माझ्या वाट्यातला एक भाग मी घेतला आणि एक भाग वहिनीच्या कष्टांपोटी सोडला. कुणी सांगितलं म्हणून नाही, मला वाटलं म्हणून. धाकट्याने घरात तिचं नाव बक्षीसपत्राने लावायचं, हेही ठरलं. गावचं घर तिघांचं सामाईक. तलाठ्याकडे वारस नोंद करून सातबारावर तिघांची नावं लावून घेतली. गणपती तिथेच बसतो, तो वाटायचा प्रश्नच नव्हता.

कागदाच्या बाबतीत तुम्ही कडक होतात, आणि ते फार बरं झालं. दादा म्हणत होता, तोंडी ठरलंय, पुरे. तुम्ही ऐकलं नाहीत. घरातला हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवं, शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी करून चालत नाही. पैसे घेऊन सोडत असाल तर तसंच लिहा आणि पूर्ण मुद्रांक शुल्क भरा. वर "बिनमोबदला" आणि खालून रोख, असलं काही चालणार नाही. आणि दुय्यम निबंधक कार्यालयात अंगठा आणि फोटो देण्याआधी डिमांड ड्राफ्ट माझ्या हातात हवा. "भाऊ चांगलाच आहे," असं मी म्हणाले, तर तुम्ही म्हणालात, "चांगला आहे म्हणून तर त्याला पुढे खोटं ठरायची वेळ येऊ देऊ नकोस."

आईची भांडी मात्र तुम्ही कायद्यात आणली नाहीत. नावं कोरलेली ती पातेली आम्ही तिघांनी आळीपाळीने उचलली, धाकट्यापासून सुरुवात करून. दादाने त्याच्या पाळीला आईचा पोळ्यांचा डबा उचलला आणि वहिनीच्या हातात दिला.

सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर आता धाकट्याचं नाव चढलंय. पाच शेअर, प्रत्येकी पन्नास रुपयांचे. अडीचशे रुपयांच्या त्या कागदापायी आम्ही एकमेकांना मुकणार होतो. दादा दर रविवारी मुलुंडला येतो. नोटिशीचा विषय दोघांत अजून निघत नाही, आणि निघावा असा माझा आग्रहही नाही.

एक काम मात्र आहे. लालबागची माझी एक मैत्रीण तुमच्याकडे येईल. तिच्या वडिलांची चाळीतली पागडीची खोली रीडेव्हलपमेंटला गेली आहे, आणि आत्तापर्यंत त्या खोलीकडे न फिरकलेले भाऊ आता रोज फोन करतात. शेवटपर्यंत वडिलांजवळ तीच राहत होती. भाड्याच्या खोलीचा नियम निराळा, तिथे १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाचा हक्क आधी बघतात, हे तुमच्याकडूनच ऐकलेलं मी तिला सांगितलंय. कुठेही सही करू नकोस, हेही सांगितलंय. आणि तुम्ही एकट्याएकट्याशी बोलत नाही हे माहीत असल्यामुळे, दोन्ही भावांना सोबत घेऊन जा, असंही.

तुमची,
मुलुंडची मधली