खाडा नेमका कोणाचा?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

यंदा पावसाळ्यात आमच्या इमारतीतल्या लहान मुलांमध्ये हँड-फूट-माउथची साथ फिरली. दोन दिवस ताप, तोंडात फोड, तळहात-तळपायांवर पुरळ. मुलं आठवड्यात खेळायला लागली. इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र वेगळाच विषय रंगला: मुलं सांभाळणाऱ्या बायका नेमक्या गरजेच्या वेळी कशा खाडे करतात!

एरवी मी त्या ग्रुपवर फक्त पाण्याच्या टँकरची चौकशी करते. पण या वेळी मला आतली गोष्ट माहीत होती. वरच्या मजल्यावर दीड वर्षांचं मूल आहे. त्याला सांभाळणारी बाई इंदूरमधल्याच बाणगंगा भागातून येते. मुलाला ताप आदल्या संध्याकाळीच आला होता, डॉक्टरांनी आजाराचं नावही सांगितलं होतं. सकाळी ती आल्या आल्या मूल तिच्या कडेवर दिलं आणि आईवडील कामावर गेले. तिला आजार कळला दुपारी, तोंडातले फोड बघून तिने फोन केला तेव्हा. मग तिच्या धाकट्याला तेच फोड आले, पाठोपाठ तिला ताप. सहा दिवस ती आली नाही. नऊ हजारांच्या पगारातून अठराशे कापले गेले. जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, "माँजी, बता देते तो बच्चे को नानी के यहाँ छोड़ आती." म्हणजे कामावर ती तरीही आलीच असती.

माझी सून केंद्र सरकारच्या नोकरीत आहे. मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत तिला एकूण 730 दिवसांची बालसंगोपन रजा मिळते, त्यातले पहिले 365 दिवस पूर्ण पगारी. फार चांगली सोय आहे. पण तिच्या माघारी नातवाला सांभाळणाऱ्या बाईला यातलं काहीच नाही. घरकामाला ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागू नाही. असंघटित कामगारांची ई-श्रम नोंदणी 2021 पासून सुरू आहे, पण त्या कार्डावर आजारपणाची पगारी रजा मिळत नाही. आयुष्मान कार्डाचे पाच लाख दवाखान्यात भरती झाल्यावरचे. तापाचं सिरप आणि बुडालेला पगार त्यात बसत नाही. कायदा होईल तेव्हा होईल, आज तिचा पगार कापायचा की नाही हे आपल्याच हातात आहे.

आमच्याकडे नातवाला सांभाळणाऱ्या बाईला आम्ही दीदी म्हणतो. सुनेने दीदीला ठेवतानाच बोलून घेतलं. घरात कोणी आजारी पडलं की रात्रीच फोन करायचा. यायचं की नाही ते दीदीने ठरवायचं. आम्ही 'येऊ नको' म्हटलं तर पगार पूर्ण. आमच्याकडचा आजार तिला लागला, तरी पूर्ण. तिचं मूल आजारी पडलं तर तिनेही तसंच सांगायचं, आणि त्याचेही पैसे कापायचे नाहीत. यात आमचाही स्वार्थ आहे. पैसे कापले जाणार म्हटल्यावर कोणती बाई ताप सांगेल? ती गोळी घेऊन येणार आणि आपल्याच बाळाला मांडीवर घेऊन बसणार.

'छोटी माता' निघाली होती का, हेही तेव्हाच विचारलं. कांजिण्या मोठ्या माणसाला जड जातात, गरोदर बाईला तर धोक्याच्या. शिवाय पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून त्या पसरतात, त्यामुळे तिथे कोणालाच दोष देता येत नाही. दीदीला आल्या नव्हत्या. डॉक्टरांना विचारून तिला लस दिली. ही लस सरकारी लसीकरणात नाही, म्हणून पैसे आम्ही भरले.

औषध किती आणि केव्हा द्यायचं ते हिंदीत कागदावर लिहून ठेवावं. 'वाटलं तर दे' असं सांगून निघून जाऊ नये. उद्या काही झालं तर बोल तिलाच लागतो. आणि हात साबणानेच धुवावेत, तिनेही आणि आपणही. हँड-फूट-माउथच्या विषाणूवर सॅनिटायझरचा भरवसा नाही.

ग्रुपवर एकाने लिहिलं, "असे लाड केले तर बायका डोक्यावर बसतील." एखादी थाप मारेलही. मेडिकल रजेवर घरची लग्नं उरकणारे साहेब मी नोकरीत ढिगाने पाहिले आहेत; त्यांच्यामुळे कोणी सगळ्यांची मेडिकल रजा बंद केली नाही.

वरच्या मजल्यावर जाऊन मी हे समोरासमोर बोलले आहे. अठराशे रुपये पुढच्या पगारात देतो म्हणाले. ते दिवाळीच्या बोनसमधून वळते करून घेऊ नका, हेही सांगून आले आहे.

आपली,
एक आजी, रामबाग, इंदूर